अव्हेल, अव्हेल ऑफ की अव्हेल युवरसेल्फ ऑफ? 'लाभ घ्यावा' इंग्रजीत नीट कसं लिहायचं?

चाकणची_एचआर

नमस्कार मंडळी, इंग्रजी चांगलं असणाऱ्यांची मदत हवीये आणि जरा घाई आहे. मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत एचआरला आहे. आमच्याकडे दरवर्षी कामगार आणि त्यांच्या घरच्यांसाठी मोफत हेल्थ चेकअप असतं, त्याचं सर्क्युलर मराठी आणि इंग्रजी दोन्हीत काढावं लागतं कारण शॉपफ्लोअरवर मराठी-हिंदी चालतं पण ऑफिसात तमिळ आहेत, बंगाली आहेत, दोनतीन जर्मन आहेत. मराठीचं काम दोन मिनिटांत होतं, "सर्व कर्मचाऱ्यांनी या सुविधेचा लाभ घ्यावा ही विनंती", खाली सही, विषय संपला. इंग्रजीचं घोडं मात्र दरवर्षी ह्याच ओळीवर अडतं.

यंदा ड्राफ्टमध्ये होतं "ऑल एम्प्लॉईज आर रिक्वेस्टेड टू टेक बेनिफिट ऑफ धिस फॅसिलिटी". सीनियरनी ते खोडून "टू अव्हेल धिस फॅसिलिटी" केलं. मग ते प्लँट हेडकडे गेलं, त्यांनी लाल पेनने मधे "ऑफ" घातला. अकाउंट्सला एक जुने काका आहेत, त्यांचं इंग्रजी सगळे मानतात, ते म्हणाले दोन्ही चूक आहे, "अव्हेल देमसेल्व्हज ऑफ" पाहिजे. जर्मनीहून आलेल्या मॅडमना दाखवलं तर त्यांना अव्हेल हा शब्दच लागला नाही, म्हणाल्या अव्हेलेबल माहितीये पण हे काय, तुम्ही सरळ "टेक ॲडव्हान्टेज ऑफ" लिहा ना. तसं लिहिलं तर सीनियर म्हणतात अजिबात नको, टेक ॲडव्हान्टेज म्हणजे गैरफायदा घेणे, कामगारांना गैरफायदा घ्या असं कंपनी कसं सांगेल.

आता एका ओळीसाठी पाच जणांची पाच मतं झालीत. मला "चालतं हो" असं उत्तर नकोय, नियम काय आहे आणि का आहे ते कुणी नीट समजावलं तर पुढच्या वर्षीही उपयोगी पडेल. सर्क्युलर सोमवारी लावायचंय.

सिडकोवाला

अव्हेल द ऑफर, अव्हेल द लोन असे बँकेचे मेसेज रोज येतात. सगळ्यांना कळतं. बिनधास्त अव्हेल लिहा आणि मोकळे व्हा.

मास्तर_वाई

ताई, तुमच्या अकाउंट्सच्या काकांना माझा नमस्कार सांगा. पस्तीसेक वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवलं आणि ह्या एका क्रियापदावर जेवढा लाल पेन झिजवला तेवढा क्वचितच दुसऱ्या कशावर झिजवला असेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

अव्हेलचा मूळ अर्थ "वापरणे" किंवा "लाभ घेणे" असा नाहीच. त्याचा अर्थ "कामी येणे, उपयोगी पडणे". लॅटिनमधलं 'व्हॅलेरे' म्हणजे बळकट असणे, मोल असणे, ते फ्रेंचमधून इंग्रजीत आलं. व्हॅल्यू, व्हॅलिड, प्रिव्हेल, इक्विव्हॅलंट ही सगळी त्याच घरातली भावंडं, आणि अव्हेलेबल तर त्याचं सख्खं, त्याचाही जुना अर्थ "गुणकारी, परिणाम करणारं" असाच होता, "मिळू शकणारं" हा अर्थ नंतरचा. जुन्या वळणाच्या इंग्रजीत वाक्य असतं "द मेडिसिन अव्हेल्ड हिम नथिंग", औषध त्याच्या काही कामी आलं नाही. इथे कर्ता कोण बघा. औषध. म्हणजे जी वस्तू उपयोगी पडते ती कर्ता आणि ज्याला उपयोग होतो तो माणूस कर्म.

हे डोक्यात ठेवून आता "आय अव्हेल्ड द फॅसिलिटी" वाचा. मूळ अर्थाने त्याचा अर्थ होतो, मी सुविधेच्या कामी आलो. उलटंच झालं की नाही? माणसाला कर्ता करायचा असेल तर इंग्रजीला म्हणावं लागतं की मी स्वतःला त्या वस्तूतून उपयोग करून दिला, आय अव्हेल्ड मायसेल्फ ऑफ द फॅसिलिटी. मायसेल्फ म्हणजे ज्याला उपयोग झाला तो, आणि ऑफच्या पुढे ज्याचा उपयोग झाला ते. दोन्ही जागा भरलेल्या पाहिजेत. नुसता ऑफ ठेवला तर कुणाला उपयोग झाला ते राहिलं, नुसतं अव्हेल ठेवलं तर दोन्ही गेलं.

आपल्याला हे अवघड वाटायचं काही कारण नाही, कारण मराठीत आपण अगदी हेच करतो. "सुविधेचा उपयोग केला" आणि "सुविधेचा उपयोग करून घेतला" ह्यात जो फरक तो त्या मायसेल्फचा. 'करून घेणे' मधला 'घेणे' म्हणजेच स्वतःसाठी, आणि 'सुविधेचा' मधला 'चा' म्हणजे ऑफ. वर्गात मी पोरांना एवढंच सांगायचो की जिथे मराठीत 'करून घेतला' म्हणशील तिथे इंग्रजीत सेल्फ विसरू नको. नंतर चुका पुष्कळ कमी व्हायच्या.

सेल्फ कर्त्याप्रमाणे बदलतो हे लक्षात ठेवा, एम्प्लॉईज असेल तर देमसेल्व्हज, एकट्या माणसाला 'यू' म्हणत असाल तर युवरसेल्फ, कंपनी स्वतः असेल तर इटसेल्फ. बऱ्याच नोटिसांत "मेंबर्स मे अव्हेल हिमसेल्फ" असलं काहीतरी दिसतं, म्हणजे कुणीतरी नियम अर्धाच पाठ केलेला.

आता तुमचं टेक बेनिफिट ऑफ. हे सरळ सरळ 'लाभ घेणे'चं शब्दाला शब्द ठेवून केलेलं आहे, इंग्रजी माणूस बेनिफिट 'टेक' करत नाही, तो गेट करतो, डिराइव्ह करतो, फार तर रीप करतो. जुन्या कायद्याच्या भाषेत टेक द बेनिफिट ऑफ द ॲक्ट असं सापडेल, पण हेल्थ चेकअपच्या कागदावर ते शोभत नाही. साधं क्रियापद बेनिफिट फ्रॉम. "एम्प्लॉईज विल बेनिफिट फ्रॉम द चेकअप" किंवा उलट बाजूने "द चेकअप विल बेनिफिट ऑल एम्प्लॉईज". आणि 'मला फायदा झाला' ह्याचं "आय गॉट बेनिफिटेड" करू नका, नुसतं "आय बेनिफिटेड". स्पेलिंगमध्ये शेवटी एक टी ठेवा, कारण जोर पहिल्या अक्षरावर आहे, परमिटेडमध्ये जोर शेवटी पडतो म्हणून तिथे टी दोनदा येतो. दोन टीचं बेनिफिटेडही डिक्शनरीत आहे, पण एकाने भागतं.

पण एक सांगतो, तुमच्या ओळीत बेनिफिट फ्रॉमही बसणार नाही. बेनिफिट म्हणजे लाभ होणे, घेणे नव्हे. "यू आर रिक्वेस्टेड टू बेनिफिट" म्हणजे तुम्हाला लाभ व्हावा अशी विनंती, आणि लाभ होणं काही कामगाराच्या हातात नाही, त्याच्या हातात आहे तिथे जाऊन तपासून घेणं. म्हणून तिथे एखादं कृतीचं क्रियापदच हवं.

चाकणची_एचआर

मास्तर, 'करून घेणे' चं वाचून एकदम डोक्यात बसलं, खूप आभार. म्हणजे काका बरोबर होते. पण जर्मन मॅडमना ते कळेल का हा प्रश्न राहतोच, आणि टेक ॲडव्हान्टेजचं काय?

इचलकरंजी_टॅक्स

मास्तरांचं सगळं पटलं पण एका गोष्टीत थोडा वेगळा सूर लावतो, कारण आमच्या धंद्यात हा शब्द असा सरसकट खोडून चालत नाही. मी जीएसटीची कामं करतो. सीजीएसटी कायदा २०१७ चं कलम ७३ उघडा, त्यात छापलंय "इनपुट टॅक्स क्रेडिट हॅज बीन राँगली अव्हेल्ड ऑर युटिलाइज्ड". (इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची पुढच्या करातून मिळणारी वजावट.) ना सेल्फ ना ऑफ. संसदेने पास केलेल्या कायद्यातच अव्हेल हे साध्या सकर्मक क्रियापदासारखं वापरलंय, त्यामुळे भारतात ते चूक आहे असं म्हणणं मला तरी जड जातं.

आणि तिथे अव्हेल आणि युटिलाइज ह्यात खरा पैशाचा फरक आहे. अव्हेल म्हणजे क्रेडिट आपल्या इलेक्ट्रॉनिक क्रेडिट लेजरला, म्हणजे जीएसटीच्या ऑनलाइन खात्याला घेतलं, जमा करून घेतलं. युटिलाइज म्हणजे त्यातून कर भरला. समजा एका यंत्रमागवाल्याने चुकून १ लाखाचं क्रेडिट घेतलं जे त्याला मिळायलाच नको होतं. लेजरला एकूण ५ लाख पडून आहेत आणि चूक लक्षात येऊन त्याने ते १ लाख रिव्हर्स करेपर्यंत, म्हणजे खात्यातून परत काढून टाकेपर्यंत, शिल्लक कधीच १ लाखाच्या खाली गेली नाही, तर ते चुकीचं क्रेडिट अव्हेल झालं पण युटिलाइज झालं नाही असं धरतात. मग व्याज नाही. शिल्लक खाली गेली तर जेवढी खाली गेली तेवढं वापरलं असं धरून वर्षाला १८ टक्क्याने व्याज. कलम ५० च्या पोटकलम ३ मध्ये २०२२ च्या फायनान्स ॲक्टने "अव्हेल्ड अँड युटिलाइज्ड" असे शब्द बसवले, ते पण १ जुलै २०१७ पासून मागे जाऊन लागू. त्या एका 'अँड'मुळे आमच्या कितीतरी क्लायंटचा जीव भांड्यात पडला, कारण त्याआधी नुसतं क्रेडिट घेतलं तरी व्याज भरा असा तगादा लागायचा.

आता नोटीसला उत्तर लिहिताना कुणी शुद्ध इंग्रजीच्या हौसेने अव्हेल्ड काढून तिथे यूज्ड लिहिलं तर त्याने स्वतःहून कबूल केलं की क्रेडिट वापरलं! म्हणून माझं म्हणणं असं की कायद्याच्या, टॅक्सच्या, रजेच्या कागदावर जिथे अव्हेल्ड हा ठरलेला शब्द आहे तिथे तो जसाच्या तसा ठेवावा. ताई, तुमच्या एलटीएच्या, म्हणजे रजेतल्या प्रवासभत्त्याच्या फॉर्मलाही बघा, ४ वर्षांच्या ब्लॉकमध्ये २ प्रवास, त्यातले किती अव्हेल्ड असा रकाना असेल. त्याला हात लावू नका. हेल्थ चेकअपच्या कागदावर मात्र मास्तर म्हणतात तेच करा.

मास्तर_वाई

साहेब, फार चांगला मुद्दा मांडलात, मला जीएसटीतलं हे माहीत नव्हतं. भारतातल्या इंग्रजीत अव्हेल सकर्मक झालं आहे हे मान्यच करायला हवं. त्याचं कारणही दिसतं, सेल्फवालं वाक्य कर्मणी प्रयोगात जात नाही. "द फॅसिलिटी वॉज अव्हेल्ड हिमसेल्फ ऑफ" कुणी म्हणेल का? आणि सरकारी कागद तर कर्मणीशिवाय हलत नाही, रजा घेतली गेली, सवलत घेतली गेली. मग आधी "लीव्ह अव्हेल्ड ऑफ" आलं, रजेच्या जुन्या नियमांत आणि पत्रांत ते ऑफसकट भरपूर दिसतं, पुढे तो ऑफही झडला. तेव्हा ह्याला अडाणीपणा म्हणू नये, गरजेतून झालेलं आहे. फक्त भारताबाहेरच्या माणसाला ते खटकतं हे लिहिणाऱ्याला ठाऊक असावं.

डब्लिनची_नर्स

भारताबाहेर म्हणजे नक्की कुठे त्यावर पण आहे हां मास्तर. मी आयर्लंडला आहे, इथे हॉस्पिटलमध्ये नर्स. इथे अव्हेल ऑफ सगळीकडे आहे, सरकारी वेबसाइट, जिम, बँक, डेंटिस्टचा बोर्ड, "यू कॅन अव्हेल ऑफ धिस सर्व्हिस". सेल्फ कुणी लावत नाही आणि लावलं तर उलट फार औपचारिक वाटतं. आले तेव्हा मला वाटलं होतं की हे आपलं इंडियन इंग्लिश इथे कसं काय पोचलं, पण हे त्यांचं स्वतःचंच आहे. म्हणजे तुमच्या प्लँट हेडचा लाल पेनचा ऑफ आयर्लंडमध्ये एकदम पास आहे. समुद्र ओलांडून इंग्लंडला गेलं की मात्र तोच ऑफ खटकतो, तिथे एकतर अव्हेल युवरसेल्फ नाहीतर सरळ यूज.

आणि अजून एक, आमच्या वॉर्डला केनियाच्या दोघी आहेत. त्या म्हणतात "प्लीज अव्हेल द रिपोर्ट्स" आणि त्याचा अर्थ असतो रिपोर्ट उपलब्ध करून द्या. पूर्व आफ्रिकेत अव्हेलचा तोच अर्थ रुळलाय, मेक अव्हेलेबल. म्हणजे बघा, पुण्याचा माणूस "अव्हेल द व्हेईकल" म्हणाला तर त्याला गाडी हवीये, आणि नैरोबीचा म्हणाला तर तो दुसऱ्याला सांगतोय की गाडी पाठव. घेणारा आणि देणारा दोघं एकाच शब्दावर. म्हणून ज्या कंपनीत चार देशांची माणसं आहेत तिथे हा शब्द नकोच असं माझं स्पष्ट मत आहे, बरोबर-चूक बाजूला ठेवा, समोरच्याला कळलं पाहिजे. तुमच्या जर्मन मॅडमना कळलं नाही ह्यातच उत्तर आलं.

शिकवणी_लातूर

टेक ॲडव्हान्टेजचं मी सांगते, स्पोकन इंग्लिशच्या बॅचेस घेते आणि प्रत्येक बॅचला हा प्रश्न येतोच.

तुमच्या सीनियरची भीती अर्धी खरी आहे. टेक ॲडव्हान्टेज ऑफच्या पुढे काय येतं त्यावर सगळं ठरतं. पुढे वस्तू, संधी, ऑफर, सुविधा, चांगलं हवामान असलं काही आलं तर चांगला अर्थ, पूर्ण उपयोग करून घेणे. पुढे माणूस आला, किंवा माणसाचा भाबडेपणा, आजारपण, अडचण आली, की गैरफायदा. "वी टुक ॲडव्हान्टेज ऑफ द लाँग वीकेंड" ह्यात काही वावगं नाही. "ही टुक ॲडव्हान्टेज ऑफ हर" ह्यात फार वाईट अर्थ आहे. आणि हे काही इंग्रजीचं खूळ नाही, मराठीत फायदा घेणे अगदी असंच वागतं की. "सवलतीचा फायदा घ्या" दुकानावर लिहिलेलं असतं तेव्हा कुणाला काही वाटत नाही, पण "माझ्या चांगुलपणाचा फायदा घेतला" म्हटलं की तिथे 'गैर' न लावताही कळतंच. म्हणून "टेक ॲडव्हान्टेज ऑफ धिस फॅसिलिटी" शंभर टक्के बरोबर आणि सभ्य आहे, सीनियर साहेबांना हे मराठीतलं उदाहरण दाखवा, लगेच पटेल.

दोन गोष्टी सांभाळा. मधे "द" घालायचा नाही, टेक द ॲडव्हान्टेज ऑफ नाही, टेक ॲडव्हान्टेज ऑफ. जोर द्यायचा तर टेक फुल ॲडव्हान्टेज ऑफ. आणि आपल्याकडची मुलं फायदा म्हटलं की सगळीकडे ॲडव्हान्टेज लावतात, "द मेडिसिन गेव्ह मी ॲडव्हान्टेज" वगैरे. ॲडव्हान्टेज म्हणजे दुसऱ्यापेक्षा वरचढ स्थिती किंवा जमेची बाजू. औषधाने गुण आला तर तिथे "द मेडिसिन हेल्प्ड मी" एवढंच पुरतं.

चाकणची_एचआर

ताई, अगदी वेळेवर. कारण सर्क्युलरच्या दुसऱ्या परिच्छेदात एक ओळ अशी आहे की ह्या वर्षी पहिल्यांदाच महिला कर्मचाऱ्यांसाठी लेडी डॉक्टर येणार आहेत, त्यांचा लाभ घ्यावा. सीनियरनी आता टेक ॲडव्हान्टेजला होकार दिला तर ते तिथेही तेच टाकतील, "टेक ॲडव्हान्टेज ऑफ द लेडी डॉक्टर"!

शिकवणी_लातूर

नको नको नको, अजिबात नको. इथे पुढे माणूस आला, अर्थ फार वाईट होतो, असला कागद नोटीस बोर्डावर लागता कामा नये. एकतर "टेक ॲडव्हान्टेज ऑफ द डॉक्टर्स व्हिजिट" करा, म्हणजे भेटीचा फायदा, नाहीतर सगळ्यात सोपं "वुमेन एम्प्लॉईज कॅन सी अ लेडी डॉक्टर". 'सी अ डॉक्टर' म्हणजे डॉक्टरला दाखवणे. खरं तर मराठीतही "त्यांचा लाभ घ्यावा" मला बरोबर वाटत नाही, "त्यांच्याकडून तपासून घ्यावं" बरं. अव्हेलने पण सुटका नाही, डॉक्टरला कुणी अव्हेल करत नाही.

डब्लिनची_नर्स

ह्यावरून एक मनापासून सांगू का? आपल्या सगळ्याच सूचनांमध्ये शेवटी "लाभ घ्यावा" येतं, महाप्रसाद असो, व्याख्यान असो, रक्तदान शिबिर असो, पाणीपट्टीची सवलत असो, आणि लाभ घ्यायला नक्की करायचं काय ते कधी कधी सापडतच नाही. तेच इंग्रजीत नेलं की अव्हेल, बेनिफिट, ॲडव्हान्टेज ह्या तिघांत आपण अडकतो. इथे पेशंटला जी पत्रं जातात ती मी रोज बघते, त्यात लाभबिभ काही नसतं. तुम्हाला अमुक तपासणी मोफत मिळणार आहे, ह्या नंबरला ह्या तारखेच्या आत फोन करा, येताना हे आणा. बस. वाचणारा साठीचा असो की परदेशातून आलेला, त्याला कळतं.

तुमच्या चेकअपला कामगाराने काय करायचंय ते आधी लिहा. नाव कुणाकडे द्यायचं, कधीपर्यंत, घरच्यांपैकी कोण कोण चालेल, रक्त द्यायचं असेल तर उपाशी यायचं का. साखरेची तपासणी असली तर किती तास उपाशी राहायचं हे नीट लिहिलंच पाहिजे, नाहीतर माणसं नाश्ता करून येतात आणि परत पाठवावी लागतात, त्यांची अर्धी शिफ्ट वाया जाते. एवढं लिहिलंत की ती अडलेली ओळ लागतच नाही.

चाकणची_एचआर

हे फारच पटलं. ह्या वेळी असं करते, बघा कसं वाटतंय. "यू अँड युवर फॅमिली कॅन गेट अ फ्री हेल्थ चेकअप धिस मंथ. प्लीज गिव्ह युवर नेम टू द एचआर डेस्क बाय फ्रायडे." पुढे "वुमेन एम्प्लॉईज कॅन सी अ लेडी डॉक्टर", मग उपाशी यायचं, आधार कार्ड आणायचं वगैरे. आणि शेवटी एकच ओळ "वी होप यू विल टेक फुल ॲडव्हान्टेज ऑफ धिस फॅसिलिटी", कारण प्लँट हेडना शेवटी काहीतरी औपचारिक लागतंच. मराठीतही तेच, आधी कृती आणि मग लाभ. फॅमिलीमध्ये आईवडील धरायचे की नाही ते मला मॅनेजमेंटला विचारावं लागेल, आत्ता वाचताना लक्षात आलं की ते कुठेच लिहिलेलं नाहीये.

इचलकरंजी_टॅक्स

उत्तम झालंय. फॅमिलीची व्याख्या आधी ठरवून घ्या मात्र, सासूसासऱ्यांवरून भांडणं होतात.

राज्यसेवा_२७

मी एमपीएससी आणि बँकेच्या परीक्षांची तयारी करतोय, वरचं सगळं वाचून थोडा गोंधळलोय. एरर स्पॉटिंगला "ही अव्हेल्ड ऑफ द ऑपॉर्च्युनिटी" आलं तर काय करायचं? आयर्लंडला चालतं, कायद्यात चालतं, मग चूक म्हणायचं की बरोबर? आणि "टू नो अव्हेल" मध्ये सेल्फ कुठे गेला?

मास्तर_वाई

बाळा, परीक्षेत डोळे झाकून चूक म्हण. तिथे आयर्लंड नाही आणि जीएसटीही नाही, तिथे पुस्तकी ब्रिटिश नियम चालतो, उत्तर "अव्हेल्ड हिमसेल्फ ऑफ". ह्याच जातीची अजून तीनचार क्रियापदं पक्की करून ठेव, पेपर काढणाऱ्यांची ती लाडकी आहेत. गैरहजर राहणे म्हणजे ॲब्सेंट वनसेल्फ फ्रॉम, "ही ॲब्सेंटेड फ्रॉम द क्लास" चूक. अभिमान बाळगणे म्हणजे प्राइड वनसेल्फ ऑन, आणि ऑनच, ऑफ नाही, ऑफ येतो तो प्राउडच्या पुढे. कामगिरी बजावणे ह्या अर्थी ॲक्विट वनसेल्फ, "शी ॲक्विटेड हरसेल्फ वेल". आणि एन्जॉय, त्याच्यापुढे कर्म असेल तर सेल्फ नको, "वी एन्जॉइड द ट्रिप", कर्म नसेल तर सेल्फ हवा, "वी एन्जॉइड अवरसेल्व्हज". आपल्याकडे मुलं नुसतं "वी एन्जॉइड अ लॉट" म्हणतात, बोलताना कुणी अडवत नाही पण पेपरात मार्क जातो.

उलट पर्यायांत "अव्हेल्ड हिमसेल्फ द ऑपॉर्च्युनिटी" असं ऑफ काढून पण ठेवतात, सेल्फ दिसला की पोरं घाईने टिक करतात. सेल्फ आणि ऑफ दोन्ही आहेत का बघ, आणि तो सेल्फ कर्त्याशी जुळतो का बघ.

टू नो अव्हेल मध्ये अव्हेल हे क्रियापद नाहीच, ते नाम आहे, अर्थ उपयोग. "ही ट्राइड एव्हरीथिंग, टू नो अव्हेल", सगळं करून पाहिलं पण काही उपयोग झाला नाही. नामाला सेल्फ लागायचा प्रश्नच येत नाही. "ऑफ नो अव्हेल" पण असतं, ते बीच्या रूपांनंतर येतं, "हिज एफर्ट्स वेअर ऑफ नो अव्हेल". रिकाम्या जागेच्या प्रश्नात आधी वॉज किंवा वेअर दिसलं तर ऑफ घ्यायचा, वाक्य आधीच पुरं होऊन स्वल्पविराम आला असेल तर टू.